मुठीची डावी फळी

८ नोव्हेंबर

ती. काका,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे, मला पैसे मागायचे नाहीत आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी एक विचारत होते आणि तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होतात. आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्यात, त्याची तुमच्या कानांना ही पेन्शन मिळाली आहे. म्हणून पत्र.

मी ज्याच्यासाठी जुन्या खुर्च्या-टेबलांना पॉलिश करते त्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराबद्दल तुम्हाला सांगितलं होतं. सगळे त्याला दोनचष्मे म्हणतात, कारण एक चष्मा नाकावर असतो, एक कपाळावर, आणि तो कायम तिसराच शोधत असतो. त्याच्याकडे एक रिव्हॉल्वर विकायला आलं आहे. फार जुनं, आणि पार झिजलेलं. नळी वीतभर. रंग मूळचा निळा असावा, आता कडांवर पांढरा पडलाय आणि मध्ये तपकिरी. घोड्याचं टोक कुणीतरी नंतर नवीन बसवलंय. मुठीच्या दोन लाकडी फळ्यांपैकी उजवी मूळची वाटते, डावी दुसऱ्याच हातची. दोनचष्मे फोटो काढू देत नाही, नाहीतर पाठवला असता.

आता खरं कारण. हे रिव्हॉल्वर एका वनरक्षकाचं. तो वारला, मुलाने विकायला आणलं. मुलगा बोलता बोलता म्हणाला, "वडिलांनी हे एकदा पुलाजवळच्या दोघा भावांकडून दुरुस्त करून आणलं होतं. नंतर कधी कुरकुर केली नाही त्याने." काका, पुलाजवळ दोघा भावांचं दुकान एकच होतं ना?

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, त्यातही ते दुसरीकडेच बघतायत. त्यांच्या हातचं काही म्हणजे काही नाही. एखादा सुताराचा पोर बापाने केलेल्या स्टुलावर तरी बसतो. आईला विचारावं तर ती म्हणते, "दुकान होतं, विकलं, आता भाजी चिर." तेव्हा मला दोन गोष्टी सांगा. हे घेण्यासारखं आहे का? आणि हे बाबांच्या हातचं काम आहे का? दुसऱ्याचं उत्तर हो आलं तर पहिल्याची मला फारशी पर्वा नाही.

पर्वा अगदीच नाही असंही नाही. दोनचष्मे जी किंमत सांगतो तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मोठ्या खोलीचं डिपॉझिट भरून होईल. आता काम करते त्या खोलीत एक कपाट आत आलं की मला बाहेर यावं लागतं. दोन्ही एकदम जमणार नाही.

आईला यातलं काही कळवू नका.

तुमची,
भिंगरी

१४ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

माझे कान गेले, डोळे शाबूत आहेत, तेव्हा पत्र लिहायची सवय ठेव. सूनबाई म्हणाली, काका, पत्र कुणाचं? म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकाचं. इतक्या वर्षांनी गिऱ्हाईक आलं म्हणून दोन दिवस मीच खुशीत आहे.

आधी कामाचं बोलतो. रिव्हॉल्वर हातात घेतलंस की पहिल्यांदा ते रिकामं आहे का ते स्वतः उघडून बघ. दुकानदार म्हणतो म्हणून रिकामं समजायचं नाही. दुकानदारांच्या म्हणण्याप्रमाणे जगातली सगळी हत्यारं रिकामीच असतात. मग घोडा चढव आणि सिलिंडर दोन बोटांत धरून हलव. थोडं हलेल, म्हातारपणी सगळ्यांचंच हलतं. पण खुळखुळ्यासारखं वाजलं तर ते हत्यार संपलं. मग सिलिंडर काढून नळीतून उजेडाकडे बघ. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, दिसले पाहिजेत. नुसती गंजलेली पन्हळ दिसली तर खाली ठेव. शेवटी स्क्रूच्या खाचा बघ. खाच फाटलेली असेल तर आत कुणीतरी अडाणी माणूस जाऊन आलाय असं समज.

हे सगळं ठीक निघालं तरी माझं उत्तर नाही असंच आहे. ज्या हत्याराचा रंग गेलाय, टोक बदललंय आणि मुठीची एक फळी परकी आहे त्याला शौकीन लोक हात लावत नाहीत. शिवाय तुला परवाना काढावा लागेल, नाहीतर ते कायमचं निकामी करून घ्यावं लागेल. एवढी उस्तवार करून घरी काय आणणार, तर कागद उडू नयेत म्हणून ठेवायचं वजन.

आता दुसरा प्रश्न. पुलाजवळ दुकान एकच होतं, आपलं. पण तिथे मी पण होतो हे विसरू नकोस. कुठलं काम कुणाचं हे बाहेरून कळणार नाही. आतून कळेल. तुझा बाबा डावरा होता. बाजूचं झाकण उघडलंस की आत, घोड्याच्या बुडाशी, कानशीच्या बारीक रेघा दिसतील. त्या उजवीकडे झुकलेल्या असतील तर काम माझं, डावीकडे झुकलेल्या असतील तर त्याचं. एवढी एकच खूण आहे. बाकी तो कुठे सही करत नसे.

म्हणून तुला बजावून सांगतो, त्या रेघा बघेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. फडक्याने पुसूसुद्धा नकोस.

काका

१५ नोव्हेंबर

ती. काका,

तुमचं पत्र अजून आलं नाही, पण मला दम निघत नाही.

दोनचष्मे परवा लिलावाला परगावी गेला. जाताना मला म्हणाला, "जुन्या हत्यारांच्या शौकिनांपैकी एक जण येणार आहे शनिवारी. ते रिव्हॉल्वर जरा पुसून ठेव." मी म्हटलं, ठेवते की. बाबांचं काम असेल तर ते असं काळवंडलेलं परक्या माणसापुढे ठेवायचं मला कसंतरीच वाटत होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसले आणि मन लावून काम केलं. आधी रॉकेलने धुतलं, मग तेल आणि बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग चाकावर लोकरीचा नमदा लावून झळाळी. नळी, चौकट, सिलिंडर, सगळं. स्क्रू काढून बाजूचं झाकणही उघडलं. आत इतका चिकट मळ होता की काय सांगू, आणि त्याखाली ओबडधोबड ओरखडे. तेही सगळे घासून सपाट केले. आता आत बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटतं.

काका, तुम्ही बघायला हवं होतंत. पांढरंशुभ्र झालंय, चमच्यासारखं. तुम्ही म्हणाल, पोरगी लाकूडवाली असली तरी लोखंडालाही हात चांगला आहे.

दोनचष्मे उद्या येईल. तोंड बघायचंय मला त्याचं.

भिंगरी

२० नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं पंधरा तारखेचं पत्र मिळालं. एव्हाना माझंही तुला मिळालं असेल, आणि दोनचष्म्यांचं तोंडही तू बघितलं असशील.

ते ओबडधोबड ओरखडे म्हणजेच त्या रेघा होत्या.

तू लाकडाचं काम करतेस ना? शंभर वर्षांच्या कपाटाचं जुनं पॉलिश कुणी काचेने खरवडून तुझ्याकडे आणलं तर तू त्याला काय म्हणतेस? तेच मी तुला म्हटलंय असं समज. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? दोन दिवस रागावलेलोच होतो.

काका

२६ नोव्हेंबर

ती. काका,

तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवली आहेत. गेल्याच महिन्यात एक बाई आजीचं टेबल खरवडून घेऊन आली होती, तिला मी इतकं बोलले की ती बिचारी टेबल घेऊन परत गेली. लाकडावरचा जुना हात मी जिवापाड जपते. लोखंडालाही तसा काही हात असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला ती नुसती घाण दिसली. बाबांची एकुलती एक खूण मी माझ्या हाताने घासली आणि वर तुम्हाला शाबासकी मागितली. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही.

दोनचष्मे आला, त्याने दोन्ही चष्मे लावून बघितलं आणि स्टुलावर बसला. मग म्हणाला, "पुसून ठेव म्हटलं होतं गं. भाकरीचा तवा नव्हता तो." शनिवारी शौकीन आला, दारातूनच बघून गेला. आता दोनचष्मे म्हणतो, हे तूच घे, सांगितलेल्या किमतीत, नाहीतर बसलेला फटका भरून दे. त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

तुमच्या तपासण्याही केल्या. रिकामं आहे, मी स्वतः बघितलं. सिलिंडर हलतं पण वाजत नाही. आटे दिसतात, अंधूक. स्क्रूच्या खाचा मात्र अगदी धडधाकट आहेत, आत गेलेला माणूस जाणता होता. पण तो डावरा होता की उजवा हे आता कुणी सांगायचं?

एवढं खरं की लाकडाला मी बोट लावलेलं नाही. झाकण उघडायला दोन्ही फळ्या सोडवल्या होत्या, काम झाल्यावर होत्या तशा बसवल्या. उजवी फळी अक्रोडाची आहे, कारखान्यातली. डावी अक्रोडासारखी दिसते पण अक्रोड नाही. ते नासपतीचं लाकूड आहे, अक्रोडाच्या रंगात मुरवलेलं, आणि असं मुरवलंय की मी सोडून कुणाला कळणारही नाही. वर लाख नाही, नुसतं तेल, पुन्हा पुन्हा चोळलेलं. हात घसरू नये म्हणून कोरलेली चौकडीची जाळीही केवढी एकसारखी. काका, ज्याने कुणी ही फळी केली तो माणूस आज हयात असता तर मी त्याला माझ्याकडे कामाला ठेवलं असतं. किंवा त्याच्याकडे कामाला गेले असते.

घरी आईला कळू नये म्हणून मी गप्प आहे, तर तिला वाटतंय मी आजारी आहे. काल खोलीवर डबा घेऊन आली. मी एका खुर्चीची पाठ घासत होते. तिने नेहमीसारखा तळवा फिरवला आणि म्हणाली, "इथे अजून थोडं हवं." आयुष्य शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात गेलं, हातात कधी पॉलिश पेपर धरला नाही, पण चूक काढल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. मी फटकन बोलले. ती डबा ठेवून गेली.

काका, तुम्ही त्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं काम केलंत. खूण गेली तर गेली. तुम्ही नुसतं आठवून सांगा, हे बाबांचं आहे का? तुम्ही हो म्हणालात तर मी घेऊन टाकते.

भिंगरी

२ डिसेंबर

चि. भिंगरी,

घास उतरत नसेल तर पाणी पी आणि उतरव. न जेवल्याने रेघा परत येत नाहीत.

आठवून सांगा म्हणतेस. मला हो म्हणणं सोपं आहे, आता मला खोटं पाडायला जगात काही उरलेलं नाही. म्हणूनच घाईने काही म्हणत नाही.

मला एवढंच सांग. डाव्या फळीवर, जिथे उजव्या हाताचा अंगठा टेकतो तिथे, जाळी आहे की जागा गुळगुळीत आहे? गुळगुळीत असेल तर ती झिजून झाली की मुळातच तशी सोडली? हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. नखाने बघ, कागदाने नको.

आणि आईवर ओरडू नकोस.

काका

७ डिसेंबर

ती. काका,

तुम्ही फळी न बघता विचारलंत म्हणून मला नवल वाटलं. गुळगुळीतच आहे, बदामाच्या आकाराची जागा. मी आजवर समजत होते की त्या वनरक्षकाच्या अंगठ्याने झिजली. तुमचं पत्र आल्यावर भिंग घेऊन बसले. झिजलेली जाळी कडेकडेने हळूहळू पुसट होत जाते. ही तशी नाही. इथे जाळीची प्रत्येक रेघ एका ठरलेल्या जागी थांबते, आणि भोवताली एक केसासारखी बारीक कड आहे. म्हणजे कोरणाऱ्याने ती जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. एकही रेघ कडेबाहेर गेलेली नाही. मला हे जमायला अजून पाच वर्षं लागतील.

पण तुम्ही लाकडाचं का विचारताय? मी बाबांचं विचारतेय, आणि बाबा लोखंडाचे. तुम्ही आडून आडून नाही म्हणताय असं मला वाटायला लागलंय. तुम्हाला मी पैसे घालवायला नको आहेत, ते मला कळतं. पण माझ्या जागी बसून बघा. मी पॉलिशवाल्या उस्तादांच्या हाताखाली शिकले तेव्हा ते म्हणायचे, हिच्या हातात आहे, कुणाकडून आलंय देव जाणे. मला ते कुणाकडून आलं ते हवंय, एवढंच.

दोनचष्म्यांना महिनाअखेरपर्यंत उत्तर देते म्हणून सांगितलंय. मोठ्या खोलीच्या मालकाला नाही म्हणून कळवायचं बाकी आहे, ते उद्या-परवा करीन. बाबांचं नसलं तरी घेणार आहे. माझ्या हातून बिघडलंय, आता ते माझंच.

भिंगरी

१२ डिसेंबर

चि. भिंगरी,

खोलीच्या मालकाला काही कळवू नकोस. कळवलं असशील तर आत्ता उठून जा आणि परत फिरव. मग हे पत्र वाच.

तुझा बाबा लोखंडातला राजा होता, पण लाकडाशी त्याचं हाडवैर. मुठीची फळी करायला घेतली की तिसऱ्या तासाला तो तिचे दोन तुकडे करून अंगणात फेकायचा. माझं तर विचारूच नकोस. आम्ही ती कामं परत पाठवायचो. तुझी आई लग्न होऊन आली, आणि दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची. एकदा तिने त्याचं ते फेकाफेकीचं कौतुक बघितलं, फेकलेला तुकडा उचलला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही लाकडाला लोखंड समजून मारताय." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच एक फळी करून आणली. पहिली काही छान नव्हती, पण मुठीवर बसली. मग पुढे सगळं लाकूडकाम तीच करायची. खिडकीजवळ एक बाक होतं, ते तिचं.

अंगठ्याची कोरी जागा ही तिची युक्ती. जंगलात हिंडणारी गिऱ्हाइकं तक्रार करायची की जाळीने अंगठा सोलवटतो. तिने जाळीच काढली नाही तिथे. तुझा बाबा आधी हसला, मग गिऱ्हाइकं ती मूठ मागून घ्यायला लागली तेव्हा गप्प बसला. या धंद्यात मी पुष्कळ हातांची कामं बघितली, पण ती बदामाएवढी जागा दुसऱ्या कुणी सोडलेली मला तरी ठाऊक नाही. अक्रोड महाग म्हणून ती नासपती रंगवायची, हेही तू बरोबर ओळखलंस.

म्हणजे ती फळी वहिनींची आहे. तुझ्या पहिल्या पत्रात डावी फळी परकी आहे असं वाचलं तेव्हाच मला शंका आली होती, पण खात्री नव्हती. लोखंडाचं मी छातीठोक सांगू शकत नाही. टोक त्याने बसवलं असेल किंवा मी बसवलं असेन. आम्ही कामं वाटून करायचो.

मी आजवर का बोललो नाही म्हणशील. भाऊ गेला, दुकान विकलं, वहिनी शाळेच्या नोकरीला लागल्या. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, पोरीजवळ आपणहून हा विषय काढू नका. ती विचारेल तेव्हा मी सांगेन." मला वाटलं, त्यांना बंदुकांचा धसका बसला असेल, किंवा त्या बाकाची आठवण नको असेल. मी कधी खोदून विचारलं नाही. आता तू विचारलंस, कुणाकडून आलं म्हणून. तू विचारत होतीस बाबांबद्दल, पण उत्तर हे आहे.

पुढचं माझ्याकडून ऐकू नकोस. पत्र घडी कर आणि तिच्याकडे जा.

काका

२९ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र पोरीने माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः दारात उभी राहिली, पळून जायला सोपं पडावं म्हणून. मी वाचलं. पहिली फळी छान नव्हती हे तुम्ही लिहायला नको होतं. ती तुमच्या भावाने केलेल्या कुठल्याही फळीपेक्षा बरी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. दोनचष्मे भला माणूस आहे, थोडा घाबरट आहे. मी रिव्हॉल्वर उचललं तर म्हणाले, "बाई, सांभाळून, हत्यार आहे ते." मी म्हटलं, स्क्रू-ड्रायव्हर द्या. फळी सोडवली आणि उलटी करून बघितली. माझीच. आतला खोलगा मी गोल पटाशीने काढायचे, त्या पटाशीला एक दात होता, त्याची रेघ आत जशीच्या तशी आहे. पोरीने विचारलं, कधी केलीस? मला आठवलं नाही. अशा पुष्कळ केल्या होत्या. तिला वाटलं असेल, आई काहीतरी सुंदर सांगेल, पण आठवत नाही तर कसं सांगू? एवढं सांगितलं की अंगठ्याची जागा थोडी वर हवी होती. तिने स्वतःचा अंगठा ठेवून बघितला आणि म्हणाली, "हो गं, हवी होती."

मग लोखंडही नीट बघितलं. ह्यांच्या हाताची एखादी रेघ कोपऱ्यात कुठे राहिली असेल म्हणून मी झाकण उजेडात धरलं. काही राहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ते मी तिला बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. पोरीने तेवढं सोसलंय, ते पुरे.

रिव्हॉल्वर घेतलं नाही. मी दोनचष्म्यांना म्हटलं, ही फळी मूळची नाही, तुमच्या शौकिनाला ती खुपणारच. तुमच्या खोक्यात एक मोडकं रिव्हॉल्वर आहे, त्याची अक्रोडाची डावी फळी यावर बसेल, थोडी घासावी लागेल. तिथेच बसवून दिली. त्यांनी बघितलं आणि किंमत बरीच सावरली म्हणून कबूल केलं. उरलेल्याबद्दल भिंगरी त्यांची दोन कपाटं फुकट पॉलिश करून देणार आहे. डावी फळी त्यांनी तशीच दिली, त्यांच्या दृष्टीने ती सरपणच होती. ती आता घरी आहे.

परत येताना रस्त्यात तिने विचारलं, "का नाही सांगितलंस?" भाऊजी, हे तुम्हालाही कळलेलं नाही, म्हणून लिहिते. मला कसला धसकाबिसका बसला नव्हता. पोरगी लहानपणापासून मला विचारायची, बाबा काय करायचे, बाबा कसे बसायचे, बाबांचं दुकान कसं होतं. तू तिथे काय करायचीस, असं एकदासुद्धा तिने विचारलं नाही. मी वाट बघत राहिले. ती लाकडाच्या कामाला लागली तेव्हा वाटलं, आता विचारेल. तिच्या खोलीवर जाऊन मुद्दाम चुका काढायचे, म्हणजे तरी म्हणेल की तुला काय कळतं यातलं. ती तेवढंही म्हणाली नाही, नुसती रागवायची. मग मीही हट्टाला पेटले. मला राग यायचा, भाऊजी. मेलेल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे काय ते मला विचारा.

हे सगळं मी तिला रस्त्यातच सांगितलं, भाजीची पिशवी हातात घेऊन. ती रडली, मग मीही रडले, लोक बघत होते. घरी येईपर्यंत दोघींचं रडून झालं होतं.

कोपऱ्यावरची खोली घेतली. मोठी आहे, खिडकीही चांगली आहे. मी तिला म्हटलं, खिडकीजवळचं बाक मला दे, शाळेची नोकरी संपली आता, दिवसभर घरात काय करू? वाटलं होतं, लगेच हो म्हणेल. तर म्हणाली, "ती फळी तीस वर्षांपूर्वीची आहे. आताचा हात दाखव, मग बघू."

बरोबर बोलली. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. दुकान विकलं तेव्हा माझ्या पटाशा मी तुमच्याकडे ठेवायला दिल्या होत्या. असतील तर पाठवा, आणि लवकर पाठवा.

वहिनी